लेकीच्या पहिल्या वर्षाची नोंद कशी ठेवावी आणि कोणाला काय सांगावे

मुलगी झाल्यावर बारशापर्यंत आम्हाला भेट म्हणून बाळाच्या आठवणी लिहिण्याची तीन छापील पुस्तके मिळाली. तिन्हींत पायाचा ठसा, पहिले हसू, पहिला दात, पहिले पाऊल अशा चौकटी होत्या आणि प्रत्येक चौकटीखाली तारखेसाठी एक ओळ सोडलेली होती. वर्ष संपले तेव्हा तिन्ही पुस्तकांत मिळून सात ओळी भरल्या होत्या. खरी नोंद झाली ती स्वयंपाकघरात फ्रिजच्या कडीला दोरीने अडकवलेल्या दोनशे पानी वहीत, आणि त्या अनुभवावरूनच पुढील पद्धत सुचवीत आहे.

छापील चौकटीतील अडचण अशी की, ती प्रत्येक गोष्ट एका दिवशी घडते असे गृहीत धरते. प्रत्यक्षात मुलगी पालथी पडते ती पहिल्यांदा चुकून. हात पोटाखाली अडकतो, ती रडते, नंतर आठवडाभर काहीच होत नाही आणि मग एका रात्रीत तीनदा ती पालथी सापडते. यांतील कोणती तारीख खरी मानावी? आमच्या मते दोन्ही लिहाव्यात. एका नोंदीत चार गोष्टी असाव्यात: तारीख, वय आठवड्यांत, तिने नेमके काय केले आणि ते कोणी पाहिले. ‘आज फार हुशारी दाखवली’ हे कौतुक झाले, नोंद नव्हे. ‘३४ आठवडे. वाटी खाली पडली, तेव्हा वाकून कुठे गेली ते पाहिले. आजीने पाहिले.’ ही नोंद होय, कारण दोन महिन्यांनी डॉक्टरांनी विचारले, किंवा वीस वर्षांनी तिने स्वतः विचारले, तर तीत सांगण्याजोगे काही असते.

‘कोणी पाहिले’ हा रकाना अनेकांना अनावश्यक वाटेल, परंतु नोकरी करणाऱ्या आईबापांसाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली हे चांगलेच आहे. पण ती संपते नेमकी सहाव्या महिन्यात, म्हणजे मूल बसू, सरकू, रांगू लागण्याच्या ऐन तोंडावर. त्यानंतरच्या बहुतेक पहिल्या गोष्टी आजी, सांभाळणाऱ्या ताई किंवा पाळणाघरातील मावशी पाहतात. आमच्या मुलीचे पहिले पाऊल आम्ही दोघांनीही पाहिले नाही. पाळणाघरातील मावशींनी ते पाहिले आणि संध्याकाळी जरा चाचरतच सांगितले, कारण काही पालकांना त्याचे वाईट वाटते हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. म्हणून पहिल्याच दिवशी सर्वांना स्पष्ट सांगून ठेवावे की, जे दिसेल ते लपवू नका, वहीत लिहा. लिहिणे जमत नसेल तर फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवा. आजीची मोडी वळणाची अक्षरे किंवा मावशींची दोन शब्दांची ओळ आज त्या वहीतील आमची सर्वांत आवडती पाने आहेत.

वहीचे पहिले पान मात्र कौतुकासाठी ठेवू नये. तेथे जन्माची तारीख आणि वेळ, जन्मतःचे वजन, लांबी, डोक्याचा घेर आणि गर्भारपणाचे किती आठवडे पूर्ण झाले होते ते लिहावे. शेवटची बाब विशेष महत्त्वाची आहे. मूल ३२ व्या आठवड्यात जन्मले असेल, तर ४० मधून ३२ वजा करून उरणारे ८ आठवडे त्याच्या वयातून वगळून प्रगती मोजतात आणि हा हिशेब साधारण दोन वर्षांचे होईपर्यंत चालू ठेवतात. तो न केल्यामुळे कित्येक घरांत उगाच काळजी केली जाते. लसीकरण मात्र सहसा जन्मतारखेवरूनच मोजले जाते, त्यामुळे तेथे वजाबाकी करू नये.

वजनाची नोंद

सरकारी रुग्णालयात, आरोग्य केंद्रात किंवा अंगणवाडीत जे माता व बाल संरक्षण कार्ड मिळते, त्यात मुलींसाठी गुलाबी आणि मुलांसाठी निळा असा वेगवेगळा वाढीचा तक्ता असतो. मुलीचे वजन चुकून निळ्या तक्त्यात भरले, तर ती आहे त्यापेक्षा कमी वजनाची दिसते, कारण त्या वयाच्या मुलग्यांचे सरासरी वजन थोडे अधिक असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये जाहीर केलेल्या मानकांनुसार मुलीचे मध्यम वजन जन्मतः ३.२ किलो, सहा महिन्यांचे ७.३ किलो आणि वर्षाचे ८.९ किलो असते. परंतु वर्षाची सात किलोंची मुलगी आणि अकरा किलोंची मुलगी या दोघीही त्याच मानकांच्या सामान्य पट्ट्यात बसतात. एका आकड्यापेक्षा तिची रेषा कोणत्या दिशेने चालली आहे हे पाहावे. रेषा सपाट होऊ लागली किंवा खाली वळली, तर ते डॉक्टरांना दाखवावे. शेजारच्या मुलाच्या वजनाशी तिची तुलना करण्यात वेळ घालवू नये.

पहिल्या काही दिवसांत नवजात बाळाचे वजन थोडे उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत येते. हे आधी माहीत नसल्यामुळे आम्ही चौथ्या दिवशी घाबरून गेलो होतो. शक्यतो प्रत्येक वेळी त्याच काट्यावर आणि कपड्यांविना वजन करावे. लंगोट आणि लोकरी झबले मिळून जे शे-दोनशे ग्रॅम भरतात, त्यांवर घरोघरी बराच खल होतो.

बसणे, रांगणे, चालणे

आता ज्या भागासाठी बहुतेक पालक ही वही उघडतात त्याकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील निरोगी मुलांचे निरीक्षण करून सहा शारीरिक टप्प्यांचे कालखंड ठरवले. भारतातील मुले दिल्लीची होती. आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिने, हातगुडघ्यांवर रांगणे ५.२ ते १३.५ महिने, एकटे उभे राहणे ६.९ ते १६.९ महिने आणि एकटे चालणे ८.२ ते १७.६ महिने, असे त्यांतील चार कालखंड आहेत. चालण्याचा कालखंड नऊ महिन्यांहून अधिक रुंद आहे, हे एकदा नीट लक्षात घेतले की ‘आमचा बंड्या दहाव्यात चालायला लागला’ या वाक्यातील हवा निघून जाते. त्याच अभ्यासात सुमारे ४.३ टक्के मुले हातगुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. कोणी बसल्या बसल्या ढुंगणावर सरकतात, कोणी पोटावर फरपटतात, तर कोणी थेट उभे राहतात. अमेरिकेतील रोग नियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये अशा टप्प्यांची आपली यादी सुधारली, तेव्हा तिच्यातून रांगणे वगळलेच. आपल्याकडे मात्र रांगण्याला बाळकृष्णाच्या मूर्तीपासून मान असल्यामुळे, न रांगणाऱ्या मुलीच्या आईला बरेच ऐकून घ्यावे लागते.

म्हणून वहीत ‘रांगली’ एवढेच न लिहिता कशी सरकली ते लिहावे: दोन्ही बाजू सारख्या वापरते का, की एकच हात पुढे टाकते आणि एकच पाय ओढते. अशी एकतर्फी हालचाल सातत्याने दिसली, तर वीस-तीस सेकंदांचे चित्रीकरण करून ठेवावे, कारण दवाखान्यात गेल्यावर मुले हमखास गप्प बसतात. तसेच तीन महिने होऊनही ती माणसाच्या चेहऱ्याकडे पाहून हसत नसेल, पाच महिन्यांपर्यंत मान धरत नसेल, नऊ महिन्यांनंतरही आधाराशिवाय बसत नसेल, आवाजाकडे वळत नसेल, वर्षाची होत आली तरी ‘बाबा’, ‘दादा’, ‘मामा’ असे बोबडे आवाज काढत नसेल, किंवा आधी येत असलेली गोष्ट करणे तिने सोडून दिले असेल, तर नोंद घेऊन थांबू नये. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत निकडीची असते. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा तपासण्या विनाशुल्क होतात आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. आशाताईंना विचारल्यास त्या मार्ग सांगतात. ‘आमच्या घरात सगळे उशिराच बोलले’ हा घरगुती निर्वाळा तपासणीनंतर ऐकला तरी चालतो.

लसी

लसीची तारीख कार्डावर असतेच. वहीत त्यानंतर काय झाले ते लिहावे. जन्मानंतर डाव्या दंडावर दिलेल्या बीसीजीच्या, म्हणजे क्षयरोगावरील लसीच्या, जागी काही आठवड्यांनी फोड येतो, कधी तो फुटतो आणि हळूहळू व्रण राहतो. हे अपेक्षित असते आणि त्यावर मलम लावायचे नसते. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसींनंतर ताप आला का, किती आला, किती तास राहिला, एवढे लिहून ठेवले की पुढच्या खेपेस डॉक्टरांचा प्रश्न आणि आपली धास्ती दोन्ही कमी होतात. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची लस आणि जीवनसत्त्व ‘अ’ची मात्रा असते, सहावा महिना संपल्यावर दवाखान्याच्या खेपा विरळ होतात, म्हणून ही तारीख वहीत आधीच ठळक लिहून ठेवावी.

उष्टावण आणि बोरन्हाण

मुलीचे उष्टावण विषम महिन्यात करण्याची रीत आहे, त्यामुळे पाचवा की सातवा हा वाद घरोघर होतो. सहा महिने पूर्ण होईपर्यंत केवळ आईचे दूध द्यावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. आणि सहा पूर्ण झाले की सातवा लागतो. म्हणजे सातवा महिना धरल्यास रीत आणि डॉक्टर यांचे आपोआप जुळते. हा तोडगा आमच्या आजेसासूबाईंनी काढला आणि त्यावर कोणाला काही बोलता आले नाही. त्यानंतर प्रत्येक नव्या पदार्थाची तारीख लिहावी आणि दोन नव्या पदार्थांत तीन दिवस जाऊ द्यावेत, म्हणजे पुरळ उठले किंवा पोट बिघडले तर कारण शोधता येते. वर्ष पूर्ण होईपर्यंत मध मुळीच चाटवू नये, अगदी गुटीबरोबरही नाही. त्यातील विशिष्ट जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या मुलांना बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

बोरन्हाण मकर संक्रांत ते रथसप्तमी या काळात करतात. काळे झबले, हलव्याचे दागिने आणि डोक्यावरून ओतलेली बोरे, चुरमुरे, उसाचे करवे यांमुळे त्या दिवसाची छायाचित्रे वर्षातील सर्वांत देखणी निघतात. कार्यक्रम आटोपल्यावर मात्र सतरंजी झटकून जमीन दोनदा झाडावी. रांगत्या मुलीला सोफ्याखालचे बोर चार दिवसांनीही सापडते, आणि ते घशात अडकू शकते.

कोणाला काय सांगावे

नोंद ठेवणे सोपे आहे. ती किती जणांना दाखवावी हे ठरवणे अवघड. आम्ही वाटणी अशी केली. वही फक्त घरात. महिन्यातून एकदा, जन्मतारखेला, दोन्हीकडच्या आजी-आजोबांना आणि आत्या-मामा-मावशीला पाच-सहा वाक्यांचे पत्र आणि तीन छायाचित्रे. बाकी सर्वांना बारसे, बोरन्हाण आणि वाढदिवस. रोजच्या रोज चित्रफिती पाठवल्या की पाहणाऱ्यांनाही कंटाळा येतो, शिवाय ‘अजून दात नाही आला?’ हा प्रश्नही रोज येतो. पत्राची गंमत वेगळी असते. सांगलीची आजी ते शेजारणीला वाचून दाखवते.

काही गोष्टी मात्र कोणालाच पाठवू नयेत. अंघोळीची किंवा उघडी छायाचित्रे, जन्मदाखला, आधार, रुग्णालयाची मनगटपट्टी, पाळणाघराची पाटी दिसणारे चित्र या सर्वांचा त्यांत समावेश होतो. नातेवाइकांना सुरुवातीलाच नम्रपणे सांगावे की, आम्ही पाठवलेले छायाचित्र पुढे पाठवू नये आणि स्टेटसवर ठेवू नये. एकदा पाठवल्यावर परत मागणे जमत नाही आणि नात्यातही कटुता येते. मूळ छायाचित्रे वेगळ्या हार्ड डिस्कवर महिन्यावार ठेवावीत, कारण व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या छायाचित्राचा दर्जा घटतो आणि त्यातील तारखेची माहितीही निघून जाते.

नावाची नोंद

जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते. त्या वेळी नाव ठरलेले नसेल, तर १२ महिन्यांच्या आत ते विनाशुल्क भरता येते. त्यानंतर शुल्क पडते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार असल्यामुळे स्पेलिंग दोघांनी तपासावे. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी महाराष्ट्रात शासकीय कागदपत्रांवर मुलीचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आहे. वहीच्या मुखपृष्ठावरही आम्ही तोच क्रम लिहिला.

पहिल्या वाढदिवशी वजन, लांबी आणि डोक्याचा घेर पुन्हा मोजून पहिल्या पानाच्या समोर लिहावे. त्यानंतर वहीत निदान वीस पाने कोरी ठेवावीत, कारण तोवर ती चालू लागलेली असेलच असे नाही, पुढच्या लसी १६ महिन्यांनंतर आहेत आणि दोरीला बांधलेले पेन एव्हाना तिच्या हाताला लागू लागलेले असते.