किट विमानांचे अपघात नेमके कुठे होतात? मालकांनो, या चुका टाळा

सुट्या भागांचा संच, म्हणजे किट, आणून घरी विमान बांधणाऱ्याला भेटणारा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो: हवेत पंख निखळला तर? बांधणाऱ्याच्या मनातही तीच धास्ती असते. म्हणून तो एकेक रिव्हेट भिंगातून बघतो, शंका आली तर काढून पुन्हा ठोकतो. इंधनाच्या नळ्या मात्र शेवटच्या महिन्यात, पहिल्या उड्डाणाची घाई लागलेली असताना जोडल्या जातात. अपघातांचे अहवाल वाचत गेलं की लक्षात येतं, धास्ती चुकीच्या जागी बसली आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, २०१२ साली हौशी बांधणीच्या, म्हणजे घरी बांधलेल्या, विमानांवर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. विमानकंपन्या आणि लष्कर वगळून जी विमानं उडतात, त्यांत ही विमानं साधारण १० टक्के होती. २०११ मधल्या एकूण अपघातांत मात्र त्यांचा वाटा १५ टक्क्यांच्या आसपास आणि प्राणघातक अपघातांत २१ टक्क्यांच्या आसपास निघाला. कारणांमध्ये दोन गोष्टी बाकी सगळ्यांच्या कितीतरी पुढे होत्या: इंजिनाची ताकद जाणं आणि हवेत विमानावरचा ताबा सुटणं. ढाचा मोडल्याची उदाहरणं विरळा.

ऑस्ट्रेलियाच्या अशाच संस्थेने, एटीएसबीने, १९८८ ते २०१० या काळातले अपघात तपासले, तेव्हाही चित्र असंच दिसलं. हौशी बांधणीच्या विमानांचा अपघातदर तशाच प्रकारे वापरल्या जाणाऱ्या कारखान्यातल्या विमानांच्या सुमारे तिप्पट होता. मृत्यू किंवा गंभीर इजा झालेल्या अपघातांचा दर तर पाचपटीहून जास्त. निम्म्याहून अधिक अपघातांची सुरुवात यांत्रिक बिघाडातून झाली होती, आणि त्यात मुख्यतः इंजिन पूर्ण किंवा अर्धवट बंद पडलेलं होतं.

आकडे आपल्या सोयीने वाचणं

‘आमच्या मॉडेलचे अपघात फारसे नाहीत’ हे मालकांचं आवडतं वाक्य. पण किती उड्डाणतासांमागे? किट विमानं वर्षाकाठी कमी तास उडतात. दर विमानामागे अपघात मोजले तर चित्र गोंडस दिसतं, दर तासामागे मोजले की बिघडतं. दुसरा घोळ ‘एक्सपेरिमेंटल’ या वर्गाचा. त्यात घरी बांधलेल्या विमानांसोबत प्रदर्शनात उडणारी जुनी लष्करी जेट आणि शर्यतीची विमानंही येतात. या संपूर्ण वर्गाचा आकडा घेऊन किट विमानांबद्दल बोलणं चूकच, मग तो आकडा बाजूने असो वा विरोधात.

तिसरी गोष्ट फार कमी मालकांना ठाऊक असते. अमेरिकी नियमांत ‘अपघात’ ठरायला मृत्यू, गंभीर इजा किंवा विमानाचं भरीव नुकसान व्हावं लागतं. इंजिन बंद पडून पायलटने विमान शेतात उतरवलं, प्रोपेलर जमिनीला लागून वाकला आणि चाकं मोडली, तर त्या व्याख्येप्रमाणे तेवढ्याने ते भरीव नुकसान ठरत नाही. म्हणजे इंजिन बंद पडण्याच्या कितीतरी घटना अपघातांच्या यादीत येतच नाहीत. यादीत दिसतो तो आकडा किमान समजायचा. बाकीचं त्याच मॉडेलच्या दहा मालकांना फोन केल्यावर कळतं, आणि तो खटाटोप करण्यासारखा आहे.

इंधन यंत्रणा शेवटी उरकणं

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. कारखान्याच्या विमानात इंधन यंत्रणेची एकदा कसून चाचणी होते आणि पुढची शेकडो विमानं तंतोतंत तशीच निघतात. किट विमानात प्रत्येक यंत्रणा हा पहिलाच नमुना असतो. कोणी वेगळा फिल्टर बसवतो, कोणी पंप हलवतो, कोणी मोटारीचं इंजिन लावतो आणि त्यासोबत नळ्यांचा अख्खा मार्ग बदलतो.

बिघाडांची मुळं बहुतेक वेळा क्षुल्लक असतात. टाकी बांधताना आत राहिलेला ॲल्युमिनियमचा कीस. सीलंटचे सुटलेले तुकडे. नळाच्या कामासारखी जोडणीवर गुंडाळलेली टेफ्लॉन टेप, जिचा धागा सुटून कार्बुरेटरपर्यंत पोहोचतो. विमानाच्या इंधननळीवर ही टेप वापरायचीच नाही. त्यासाठी इंधनाला टिकणारं वेगळं सीलंट मिळतं. एक्झॉस्टच्या शेजारून नेलेली नळी तापते, इंधनाची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ओढत बसतो. टाकीत हवा आत घेणारी नळी बुजली की टाकीत पोकळी तयार होते आणि प्रवाह हळूहळू थांबतो.

यातलं बरंचसं जमिनीवरच पकडता येतं, पण चाचणी सपाट जमिनीवर उभ्या विमानावर केली तर तिचा उपयोग नाही. नाक वर करून विमान सर्वांत तीव्र चढाईच्या कोनात आणा. शेपटीकडचं चाक खड्ड्यात घाला किंवा पुढचं चाक फळ्यांवर चढवा, काहीही करा, पण तो कोन मिळवा. टाकीत अगदी थोडं इंधन ठेवा. इंजिनाला जोडणारी नळी सोडून ती मापाच्या भांड्यात धरा आणि घड्याळ लावा. इंधन नुसतं उतारावरून येत असेल, तर टेकऑफला इंजिन जेवढं पितं त्याच्या १५० टक्के प्रवाह मिळायला हवा. पंप असेल तर १२५ टक्के. टेकऑफला ताशी ३० लिटर लागत असतील, तर उताराच्या यंत्रणेतून ताशी ४५ लिटर, म्हणजे मिनिटाला पाऊण लिटर आलं पाहिजे. प्रत्येक टाकी वेगळी तपासा, प्रत्येक पंप वेगळा. हे काम उघड्यावर, विमान अर्थिंग करून आणि अग्निशामक हाताशी ठेवूनच. त्याच कोनात टाकीत किती इंधन अडकून राहतं तेही मोजून घ्या. ते इंधन तुमचं नाही असंच धरायचं.

पहिल्या काही तासांत लक्षणं कशी वाचायची? इंजिन जमिनीवर ठणठणीत आणि चढताना अडखळतंय, तर आधी प्रवाह आणि हवेची नळी बघा. उतरल्यावर टाकीचं झाकण उघडताना हवा आत ओढली जात असल्याचा आवाज आला, तर हवेची नळी बुजली आहे हे जवळपास नक्की. एकाच टाकीवर असताना त्रास होतोय, तर त्या टाकीचा जाळीदार तोंडाचा भाग काढून पाहा. तापलेलं इंजिन थोडं थांबवून पुन्हा सुरू केल्यावरच खोकत असेल, तर वाफेचा संशय घ्या आणि नळीला उष्णतारोधक आवरण चढवा. फिल्टर पहिल्या उड्डाणानंतर उघडा, मग काही तासांनी पुन्हा. चकाकणारे कण धातूचे, रबरासारखे मऊ तुकडे सीलंटचे. यांतलं काहीही सापडलं तर नुसता फिल्टर धुऊन पुढे जायचं नाही, टाकीच धुवायची.

इंजिनाचं प्रज्वलन इलेक्ट्रॉनिक असेल तर इंधनाइतकीच काळजी विजेची घ्या. जुन्या मॅग्नेटोला, म्हणजे इंजिनाच्या फिरण्यावर स्वतःच ठिणगी तयार करणाऱ्या यंत्राला, बॅटरी लागत नाही, पण अनेक नव्या यंत्रणा विमानाच्या विजेवरच चालतात. अल्टरनेटर गेल्यावर बॅटरी किती मिनिटं पुरते हे जमिनीवर मोजलेलं असलं पाहिजे.

आराखड्यात ‘थोडीशी सुधारणा’

गायक जॉन डेन्व्हर यांचा अपघात बहुतेकांना ठाऊक आहे, त्यातला तांत्रिक भाग मात्र फारसा कोणी वाचत नाही. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातल्या माँटेरे उपसागरात त्यांचं लाँग-ईझेड हे घरी बांधलेलं विमान कोसळलं. त्याचे आराखडाकार बर्ट रुटान यांच्या आराखड्यात इंधनाची टाकी बदलणारी खुंटी पायलटच्या दोन पायांच्या मध्ये आहे. हे विमान बांधणाऱ्याने ती पायलटच्या डाव्या खांद्यामागे नेली, कारण कॉकपिटमधून इंधनाच्या नळ्या जाऊ नयेत असं त्याला वाटलं. विचार म्हणून त्यात तथ्य होतं. पण खुंटी फिरवायला पायलटला उजव्या हातातली विमान चालवायची दांडी सोडून मागे वळावं लागे, आणि अंग वळवताना उजवा पाय रडरवर, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पायाखालच्या पट्टीवर, दाबला जाण्याची शक्यता होती. खुंटीवर खुणा नव्हत्या. इंधनाची पातळी दाखवणाऱ्या काचा आसनाच्या मागे होत्या, त्यांवरही खुणा नव्हत्या.

डेन्व्हर यांनी हे विमान दुसऱ्याकडून नुकतंच घेतलं होतं आणि आदल्या दिवशी त्याची तोंडओळख करून घेतली होती. खुंटीपर्यंत हात पोहोचत नाही हे उड्डाणापूर्वी बोललंही गेलं. पकड लावून खुंटी लांब करण्याचा प्रयत्न झाला, तो जमला नाही. मागच्या काचा बघायला आरसा दिला गेला. इंधन भरायचं का, असं विचारल्यावर त्यांनी नको म्हटलं. एनटीएसबीने मुख्य कारण दिलं ते खुंटी फिरवताना लक्ष विचलित होऊन उजवा रडर दाबला जाणं. सोबतच्या कारणांत इंधन न भरणं, खुंटीची अवघड जागा, खुणा नसलेल्या काचा आणि अपुरं प्रशिक्षण ही सगळी नोंदली.

ही यादी वाचल्यावर ‘पायलटची चूक’ हा शब्दप्रयोग किती तोकडा आहे ते कळतं. कॉकपिटमध्ये काहीही हलवण्याआधी पट्टे आवळून आसनात बसा, डोळे मिटा आणि ती वस्तू हाताला लागते का बघा. लागली तर ती फिरवताना दुसरा हात आणि दोन्ही पाय काय करतात, हे शेजाऱ्याला उभं करून बघायला सांगा. आराखड्यापासून दूर जायचं असेल तर किट कंपनीला किंवा आराखडाकाराला लेखी विचारा.

विकत घेतलेलं किट विमान ‘तयार’ समजणं

एनटीएसबीच्या त्या अभ्यासात २०११ मधल्या निम्म्याहून अधिक अपघातांत विमान सध्याच्या मालकाने बांधलेलं नव्हतं, विकत घेतलेलं होतं. त्याहून डोळे उघडणारा निष्कर्ष पुढे आहे. नव्या कोऱ्या विमानाच्या पहिल्या उड्डाणात जेवढे अपघात झाले, त्यापेक्षा जास्त अपघात जुनं विमान घेतलेल्या नव्या मालकाच्या पहिल्या उड्डाणात झाले. बांधणारा निदान घाबरलेला असतो. खरेदीदाराला वाटतं, शेकडो तास उडालंय, आता काय व्हायचंय?

व्हायचंय ते खरेदीदारालाच. ऑस्ट्रेलियाच्या अभ्यासात दिसलं की अपघात झालेल्या हौशी विमानांच्या पायलटांचे एकूण तास कारखान्याची विमानं उडवणाऱ्यांपेक्षा जास्त होते, पण त्या विशिष्ट विमानावरचे तास कमी. एकाच नावाच्या दोन किट विमानांचा स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान तोलू शकत नाहीत), इंधनाची मांडणी, ब्रेक यांतलं काहीही वेगळं असू शकतं. तेव्हा घेण्याआधी बांधणीची वही, चाचणी उड्डाणांच्या नोंदी आणि प्रत्यक्ष वजन केल्याचा कागद मागा. वजन पुन्हा करून घ्या. रंग, नवी उपकरणं, गाद्या हे सगळं मध्ये वाढलेलं असतं. त्याच मॉडेलवर शिकवणारा प्रशिक्षक शोधा आणि पहिली उड्डाणं त्याच्यासोबत करा. अमेरिकेत वार्षिक तपासणीवर सही करण्याचं रिपेअरमन प्रमाणपत्र मूळ बांधणाऱ्याला मिळतं, विमानासोबत ते नव्या मालकाकडे येत नाही. त्यामुळे तुमचं विमान जाणणारा मेकॅनिक आधीच ठरवून ठेवा.

चाचणीचे तास नुसते भरणं

प्रमाणित इंजिन-प्रोपेलर जोडीला २५ तास, नाहीतर ४० तास, असा अमेरिकेतला चाचणी उड्डाणांच्या पहिल्या टप्प्याचा जुना रिवाज. अनेक जण हे तास विमानतळाभोवती घिरट्या घालून संपवतात आणि हाती काहीच लागत नाही. अलीकडे तासांऐवजी ठरावीक चाचण्या पूर्ण करण्याचा पर्याय आहे. तो मला जास्त शहाणपणाचा वाटतो. वेगवेगळ्या वजनांना स्टॉलचा वेग, वेगदर्शकाची अचूकता, चढाईचा दर, इंजिन बंद असताना खाली येण्याचा दर: हे स्वतःच्या विमानावर मोजून वहीत लिहिलेलं असेल तरच टप्पा संपला.

आणखी एक. चार-पाच वर्षं बांधण्यात गेली तर त्या काळात बऱ्याच जणांचं उडणं जवळपास थांबलेलं असतं. गंजलेल्या हाताने पहिलं उड्डाण करू नका. २०१४ पासून अमेरिकेत पहिल्या टप्प्यात पात्र असा दुसरा पायलट सोबत नेण्याची सोय झाली आहे. मित्राला फेरी मारून आणण्यासाठी ती सोय नाही.

इंजिन गेल्यावर धावपट्टीकडे वळणं

टेकऑफनंतर कमी उंचीवर इंजिन थांबलं की मन मागे धावपट्टीकडे ओढ घेतं. उंची न सोडता ४५ अंश कललेल्या वळणात स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांत ४१ टक्क्यांनी. हलक्या विमानाचा वेग इंजिन थांबताच झपाट्याने उतरतो, आणि अनेक किट विमानांत स्टॉलपूर्वीची थरथर जेमतेम जाणवते. नाक खाली घेऊन समोरच्या साठ-सत्तर अंशांत जागा शोधणं, हे जमिनीवर असतानाच ठरलेलं हवं. मागे वळायला किती उंची लागते ते भरपूर वर, सुरक्षित उंचीवर करून बघा; आकडा बहुतेकांच्या अंदाजापेक्षा मोठा निघतो. पंख समोरून येणाऱ्या हवेशी किती कोन करतो (अँगल ऑफ अटॅक) ते दाखवणारं उपकरण परवडत असेल तर बसवा.

कंपनीच्या सूचना न पोहोचणं

ढाचा मोडणं विरळा आहे, अशक्य नाही. झोडिअॅक सीएच-६०१ एक्सएल या मॉडेलचे पंख हवेत तुटल्याच्या घटनांनंतर एप्रिल २००९ मध्ये एनटीएसबीने ती विमानं जमिनीवर ठेवण्याची शिफारस केली होती. संशय फ्लटरवर, म्हणजे पंखावरच्या हलत्या नियंत्रण-फळ्यांच्या अनावर फडफडीवर होता, आणि नंतर ढाच्यातले बदल सुचवले गेले. किट विमानांना अशा सूचना बहुधा कंपनीच्या बुलेटिनमधूनच मिळतात. त्या पाळण्याची सक्ती दर वेळी नसते आणि मालकाला कोणी शोधत येत नाही. कंपनीच्या यादीत अजून मूळ बांधणाऱ्याचं नाव असेल तर बुलेटिन त्याच्याच पत्त्यावर जाणार. विक्रीचे कागद करतानाच तिथलं नाव बदलून घ्या आणि आजवरची सगळी बुलेटिनं मागवून, कोणती केली गेली आणि कोणती राहिली, हे वहीशी ताडून पाहा.