मॅकमध्ये फायली पुसल्या, तरी जागा मोकळी होईना

खानापुरात लग्नपत्रिकांच्या डीटीपीसाठी वापरातला २५६ जीबीचा मॅक. जुनी कामं पुसून, ट्रॅश रिकामा करूनही जागा तेवढीच.

मॅकमधल्याच डिस्क युटिलिटी या ॲपमध्ये ‘व्ह्यू’मधून ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवडलं, तेव्हा उतरंड दिसली: वर डिस्क, तिच्यात कंटेनर (जागेचा सामाईक साठा), त्यात व्हॉल्यूम (फायली ठेवायचे वेगवेगळे भाग). एपीएफएस या ॲपलच्या फाइल-व्यवस्थेत व्हॉल्यूमला सहसा राखीव जागा नसते. सामाईक विहिरीवर भावाभावांचं पाणी, तसं सगळे कंटेनरमधूनच घेतात. त्यामुळे प्रत्येकापुढे दिसणारी मोकळी जागा तीच असते, तिची बेरीज करायची नाही.

अडवणूक डेटा व्हॉल्यूमच्या (आपल्या फायली असतात त्या) स्नॅपशॉटची, म्हणजे त्या-त्या वेळच्या जपून ठेवलेल्या स्थितीची होती. पुसलेली फाइल स्नॅपशॉटमध्ये असेपर्यंत तिचे ब्लॉक (डिस्कवरचे जागेचे तुकडे) सुटत नाहीत. बाहेरच्या डिस्कवरचा बॅकअप उघडून तपासला, डेटा व्हॉल्यूम निवडून ‘शो एपीएफएस स्नॅपशॉट्स’ केलं (मॅकओएस मॉन्टेरे किंवा पुढचं हवं), जुने काढले. जागा लगेच सुटली. कंटेनर मात्र पुसू नका, सगळे व्हॉल्यूम जातात.