फाइल कुठे मोडावी : ग्लिच कलेचे प्रयोग आणि पुढची वाट

ग्लिच कलेत फाइल मुद्दाम बिघडवायची असते, पण उघडता येईल इतपतच. बिघाड जास्त झाला तर संगणक ‘ही फाइल उघडता येत नाही’ एवढे सांगून मोकळा होतो. कमी झाला तर चित्रावर साधा ओरखडाही उमटत नाही. या दोहोंमधली जागा शोधणे हेच या कलेतले कसब आहे, आणि ती जागा फाइलच्या प्रत्येक प्रकारात वेगळी असल्यामुळे, फाइल वाचणारा प्रोग्रॅम म्हणजेच डिकोडर कोणत्या गोष्टींवर डोळे झाकून विश्वास ठेवतो आणि कोणत्या तपासून पाहतो, हे आधी समजून घ्यावे लागते.

यंत्राच्या चुकीतून चित्र काढण्याची कल्पना डिजिटल फाइलींपेक्षा जुनी आहे. नाम जून पाइक यांनी १९६५ साली चालू टीव्ही संचावर लोहचुंबक ठेवून पडद्यावरच्या प्रतिमेला पीळ दिला होता. १९७८ साली जेमी फेंटन यांनी व्हिडिओ गेमच्या कन्सोलवर मूठ आपटून, आतले कार्ट्रिज वाचले जात असतानाच ते जागचे उडवले आणि पडद्यावर उमटलेला गोंधळ चित्रित केला. नवशिक्याला सर्वांत उपयोगी पडेल ते मात्र रोझा मेंकमन यांचे २०१० चे काम : त्यांनी स्वतःचे एकच छायाचित्र निरनिराळ्या फाइल-प्रकारांत साठवून प्रत्येकात बिघाड केला आणि त्या प्रत्येक प्रकाराची मोडण्याची तऱ्हा शेजारी शेजारी मांडून दाखवली. आपणही सुरुवातीला एकच छायाचित्र निवडून सर्व प्रयोग त्याच्यावरच करावेत. दर वेळी चित्र बदलले, तर दिसलेला फरक चित्रामुळे आहे की फाइलमुळे आहे, हे कळत नाही.

मूळ फाइलला हात न लावता तिच्या दहा-बारा प्रती करून ठेवाव्यात. हा सल्ला मी पुस्तकी म्हणून देत नाही. पहिल्याच आठवड्यात घाईघाईने ‘सेव्ह’ दाबून मी एक जुने छायाचित्र कायमचे घालवले आहे. मोठे सपाट आकाश आणि त्यापुढे बारीक तपशील असे दोन्ही असलेले, हजारेक पिक्सेल रुंदीचे छायाचित्र चांगले, कारण रंगातला बिघाड सपाट भागात उठून दिसतो आणि सरकण्याचा बिघाड तपशिलात.

पहिला प्रयोग जेपेग फाइलवर करावा, कारण १९९२ च्या या प्रमाणित प्रकाराइतका सोशिक प्रकार दुसरा क्वचितच असेल. कोणताही मोफत हेक्स एडिटर, म्हणजे फाइलचा कच्चा मजकूर दाखवणारा प्रोग्रॅम, घेऊन त्यात फाइल उघडली की दोन-दोन अक्षरांच्या जोड्यांची लांबलचक रांग दिसते; प्रत्येक जोडी म्हणजे एक बाइट. रांगेची सुरुवात ‘एफएफ डी८’ या खुणेने होते आणि शेवट ‘एफएफ डी९’ ने. मध्ये कुठेतरी ‘एफएफ डीए’ ही खूण सापडते व तिच्यानंतर थोड्याच बाइटांनी प्रत्यक्ष चित्राचा मजकूर सुरू होतो. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलमध्ये बहुधा एक लघुचित्रही दडलेले असते आणि त्याची स्वतःची वेगळी ‘एफएफ डीए’ खूण असते. अनेकजण तिथेच फसतात, तासभर बाइट बदलत बसतात आणि चित्र जसेच्या तसे राहते. यासाठी छायाचित्र आधी एखाद्या चित्र-संपादकातून, अतिरिक्त माहिती वगळून आणि ‘प्रोग्रेसिव्ह’ हा पर्याय बंद ठेवून, नव्याने जेपेग म्हणून साठवून घ्यावे.

आता त्या खुणेपासून वीसेक बाइट सोडून पुढे, चित्राच्या साधारण एक-तृतीयांशावर, एकच बाइट बदलावा. ‘एफएफ’ असलेल्या बाइटला हात लावू नये आणि नवा ‘एफएफ’ही लिहू नये, कारण डिकोडर त्याला पुढच्या खुणेची सुरुवात समजतो. फाइल साठवून उघडली, तर बहुतेक वेळा बदलाच्या जागेपर्यंतचे चित्र स्वच्छ दिसते आणि तिथून खाली सगळे बाजूला सरकलेले व वेगळ्याच रंगात बुडालेले असते. एका बाइटचा एवढा परिणाम होण्यामागे दोन कारणे आहेत. जेपेगमध्ये चित्राचे ८ × ८ पिक्सेलांचे चौकोन पाडलेले असतात आणि त्यांचे आकडे कमी-अधिक लांबीच्या संकेतांत, मध्ये जागा न सोडता, एकापुढे एक लिहिलेले असतात. त्यामुळे एक संकेत चुकीच्या ठिकाणी तुटला की पुढचे संकेतही चुकीच्या ठिकाणी तुटत जातात. शिवाय प्रत्येक चौकोनाची सरासरी उजळता स्वतंत्रपणे लिहिलेली नसते, आधीच्या चौकोनाच्या तुलनेत लिहिलेली असते. रांगेतल्या प्रत्येकाची उंची ‘मागच्यापेक्षा इतकी कमी किंवा जास्त’ अशी नोंदवली, तर एका नोंदीतली चूक पुढच्या सर्वांना उंच किंवा बुटके करून टाकते, तसाच हा प्रकार आहे.

याहून मला अधिक आवडणारी जागा ‘एफएफ डीबी’ या खुणेची आहे. तिच्यानंतरचे तीन बाइट सोडले की ६४ आकड्यांचा एक तक्ता लागतो, आणि प्रत्येक चौकोन उलगडताना डिकोडर त्याच तक्त्याने गुणाकार करतो. येथे केलेला बदल एका ठिकाणापुरता राहत नाही, तो चित्रभर एकसारखा पसरतो. पहिला आकडा वाढवला तर काळे-पांढरे भडक होते; पुढचे आकडे वाढवले तर सगळ्या चित्रावर विणकामासारखी जाळी उमटते, आणि जिथे मूळ तपशील दाट असेल तिथे ती जास्त ठळक होते. उत्तम दर्जाने साठवलेल्या फाइलमध्ये हे आकडे लहान असतात. त्यांपैकी एखादा दहापट करून पाहावा. शून्य मात्र लिहू नये.

दुसरा प्रयोग चित्राला आवाज समजून वापरण्याचा आहे. यासाठी चित्र २४ बिटांच्या बीएमपी प्रकारात साठवावे, कारण यात कोणतेही संकोचन (कॉम्प्रेशन) नसते : सुरुवातीचे ५४ बाइट माहितीचे, आणि पुढे प्रत्येक पिक्सेलसाठी निळा, हिरवा, लाल या क्रमाने तीन बाइट. ऑडॅसिटी या मोफत ध्वनी-संपादकात ही फाइल ‘रॉ डेटा’ म्हणून आयात करावी. संकेतन ‘यू-लॉ’, एक चॅनेल, सुरुवातीचे अंतर शून्य आणि वेग सेकंदाला ४४१०० नमुने, म्हणजे येथे तितकेच बाइट, ठेवावा. पहिला सेकंद वगळून पुढचा भाग निवडावा, म्हणजे माहितीचे बाइट सुरक्षित राहतात. मग प्रतिध्वनीचा परिणाम लावून फाइल पुन्हा हेडर नसलेल्या (म्हणजे ध्वनी-फाइलची स्वतःची माहिती न जोडलेल्या) रॉ स्वरूपात, त्याच ‘यू-लॉ’ संकेतनात निर्यात करावी आणि नावाच्या शेवटी बीएमपीचे एक्स्टेन्शन द्यावे. ध्वनीची लांबी बदलणारे परिणाम येथे टाळावेत.

या प्रयोगात थोडे गणित केले की अंदाजाने चालणारे काम हातात येते. चित्र १००० × १००० पिक्सेलांचे असेल, तर एका ओळीचे ३००० बाइट होतात, म्हणजे ध्वनीचे सुमारे ०.०६८ सेकंद, संपूर्ण चित्र ६८ सेकंदांचे. एका सेकंदाचा प्रतिध्वनी लावला तर ४४१०० बाइटांनी, म्हणजे १४ ओळी आणि ७०० पिक्सेलांनी सरकलेली फिकट सावली मूळ चित्रावर पडते. बीएमपीत ओळी खालून वर लिहिलेल्या असल्यामुळे ही सावली वरच्या बाजूला चढते. पहिल्यांदा पाहताना मला ती चूकच वाटली होती. ४४१०० ला तीनने पूर्ण भाग जातो, म्हणून सावलीचे रंग मूळ रंगांशी जुळलेले राहतात. ते बिघडवायचे असतील, तर विलंब एका नमुन्याने कमी करावा : निळ्याच्या जागी हिरवा आणि हिरव्याच्या जागी लाल येऊन बसतो. निवडलेला भाग उलटा फिरवला, तर तेवढे चित्र डोक्यावर उभे राहते आणि निवड पिक्सेलच्या नेमक्या सीमेवर असेल तर लाल व निळा यांची अदलाबदलही होते.

चलच्चित्रांत बिघाडाची जागा निराळी असते. व्हिडिओ फाइलमध्ये काही चौकटी (फ्रेम) संपूर्ण चित्राच्या असतात आणि बाकीच्यांत फक्त ‘कोणता तुकडा कुठे सरकला’ याची नोंद असते. नव्या दृश्याच्या आरंभीची पूर्ण चौकट काढून टाकली, की नव्या दृश्याची हालचाल जुन्या दृश्याच्या पिक्सेलांना ओढत नेते व चेहरा भिंतीत विरघळल्यासारखा दिसतो. यालाच डेटामॉशिंग म्हणतात. किम आसेनडॉर्फ यांच्या २०१० च्या प्रोग्रॅममुळे लोकप्रिय झालेले पिक्सेल सॉर्टिंग, म्हणजे पिक्सेलांना उजळतेनुसार रांगेत लावणे, याच कुळात धरले जाते. दिसायला ते सुंदर असले तरी त्यात काही मोडत नाही, त्यामुळे मी त्याला ग्लिचचा दूरचा नातेवाईक मानतो. व्हिडिओत लखलखाट येणार असेल, तर एका सेकंदात तीनपेक्षा जास्त झगमग होऊ देऊ नये, कारण प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्या प्रेक्षकाला त्यातून झटका येऊ शकतो.

या कलेच्या भविष्याचा प्रश्न मला डिकोडरच्या याच विश्वासाशी जोडलेला दिसतो. पीएनजीच्या प्रत्येक खंडासोबत तपासणीचा आकडा असतो, त्यामुळे एक बाइट बदलला तरी अनेक प्रोग्रॅम फाइल नाकारतात. नव्या व्हिडिओ-प्रकारांतले संकोचन इतके घट्ट विणलेले असते की एक धागा तुटल्यावर पुढचे काहीच वाचता येत नाही, आणि प्लेअर तो भाग गुपचूप आधीच्या चौकटीने झाकून टाकतो. चूक होते, पण तिला पडद्यावर येऊ दिले जात नाही. दुसरीकडे, ‘ग्लिच’ नावाचे फिल्टर एका बोटाच्या स्पर्शाने तयार रेघा पुरवतात. इमान मोरादी यांनी २००४ मध्येच अस्सल ग्लिच आणि ग्लिचसारखे दिसणारे काम असा भेद केला होता; आज कृत्रिम बुद्धिमत्तेला ‘ग्लिच शैलीत चित्र काढ’ म्हटले की ती जे देते, ते बिनचूक काढलेले चुकीचे चित्र असते. त्यातही अस्सल प्रयोगाला जागा आहे, पण ती विनंतीच्या शब्दांत नाही. ज्या मॉडेलांचे आतले आकडे खुले आहेत, त्यांचा एखादा थर बंद करून, उलटा करून किंवा अनेक पटींनी वाढवून पाहिला, तर जेपेगच्या तक्त्यासारखाच चित्रभर पसरणारा परिणाम मिळतो. मात्र केवळ संकेतस्थळावरून वापरता येणाऱ्या बंद मॉडेलात हात घालायला फटच नसते.

जतनाचा प्रश्न याहून तातडीचा आहे. बिघडवलेली जेपेग फाइल एका ब्राउझरमध्ये गुलाबी पट्ट्यांची दिसते, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये तिचा खालचा अर्धा भाग नुसता करडा येतो, आणि डिकोडरची नवी आवृत्ती आली की आधीचे रूपही बदलू शकते. म्हणून मनासारखे चित्र पडद्यावर दिसताच ते लगेच पीएनजी म्हणून वेगळे साठवावे. त्यासोबत मूळ छायाचित्र, बिघडवलेली फाइल, ज्यात ती उघडली त्या प्रोग्रॅमचे नाव व आवृत्ती, आणि कितव्या बाइटच्या जागी काय लिहिले याची साध्या मजकुराची नोंद, हे सर्व एकाच फोल्डरमध्ये ठेवावे.