पिकअप उचलल्यावर व्हील अलाइनमेंट कशी करावी

पिकअपला लिफ्ट किट (गाडी उंच करणारा संच) बसवलं की बहुतेक जण फिटिंगच्या बिलाबरोबर अलाइनमेंटही उरकून घेतात. पण तिथे बऱ्याचदा फक्त टो (वरून पाहताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) सेट होतो. कास्टर (बाजूने पाहताना चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे असलेला कल) कमीच राहतो. मग धुळे-जळगाव हायवेवर ८० च्या वेगाला गाडी डोलते, वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ येत नाही आणि पुढचे टायर एका बाजूने खायला लागतात.

इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्ससारख्या गाडीत पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म असतात. स्प्रिंग उंच झाली की दोन्ही आर्मचा आणि टाय रॉडचा (चाक वळवणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो. त्याबरोबर टो आणि कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा आत-बाहेर कल) सरकतात, कास्टर सहसा घटतो.

मशीनवर चढवण्याआधीचं काम जास्त महत्त्वाचं आहे. आर्मच्या बुशचे (सांध्यातल्या रबरी नळीचे) बोल्ट गाडी जॅकवर असताना फक्त हाताने धरतील इतकेच लावा. चाकं जमिनीवर टेकवा, बंपर दोन-चार वेळा दाबून सोडा आणि त्यानंतरच टॉर्क रेंचने कंपनीच्या आकड्याला कसा. चाक लटकलेलं असताना कसलं तर बुशचं रबर त्याच स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की ते सतत पिळलेलं राहतं, काही महिन्यांत फाटतं आणि तोवर उंचीही खोटी दिसते. लिफ्टनंतर आर्मचे बुश लवकर गेले, तर आधी याच चुकीचा संशय घ्या.

मग सपाट जागी हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही चाकांची उंची मोजा. डाव्या-उजव्यात १० मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर आधी स्प्रिंग तपासा. पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा: प्ले (ढिलेपणा) असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉईंट. आडवं धरून हलवा: प्ले असेल तर टाय रॉड एंड. प्ले असलेल्या गाडीची अलाइनमेंट टिकत नाही. लोखंडी बंपर किंवा विंच लावायचा असेल तर तोही आधीच लावा, कारण वजनाने पुढचा भाग पुन्हा खाली बसतो. रोज काही क्विंटल केळी किंवा कपाशी वाहणाऱ्या गाडीत नेहमीइतका माल ठेवूनच मोजमाप घ्यावं.

टायरची हवा सकाळी, टायर गार असताना भरा. मे महिन्यात जळगावला दुपारी मोजलेला आकडा फसवा असतो. आणि रिमच्या आतली काळी माती धुवून काढा. वाळलेला चिखल बॅलन्सिंग बिघडवतो, आणि त्या थरथरीचा दोष उगाच अलाइनमेंटवर जातो.

मशीनवर क्रम पक्का ठेवा: कास्टर, कॅम्बर, शेवटी टो. उलट केलं तर टो पुन्हा हलतो. कास्टर मोजताना पुढची चाकं फिरत्या प्लेटवर डावी-उजवीकडे वळवावी लागतात. कारागिराने ती वळवलीच नाहीत तर कास्टर मोजलेलाच नाही, असं समजा. खालच्या आर्मचे कॅम बोल्ट (फिरवल्यावर आर्म सरकवणारे) सैल करून कास्टर-कॅम्बर बसवा, बोल्ट कसा, स्टिअरिंग सरळ लॉक करा आणि मग दोन्ही टाय रॉड सारखे फिरवून टो लावा.

आकडे कंपनीच्या तक्त्याप्रमाणेच. ढोबळ अंदाज हवा असेल तर एकूण टो-इन (चाकांची पुढची बाजू आत) ० ते २ मिमी, कॅम्बर शून्याच्या आसपास अर्ध्या अंशात, कास्टर साधारण २.५ ते ३.५ अंश. डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक नको. कास्टर ज्या बाजूला कमी, त्या बाजूला गाडी ओढते. कॅम बोल्ट शेवटपर्यंत फिरवूनही कास्टर येत नसेल, आणि दोन इंचांपुढच्या लिफ्टला हे बऱ्याचदा होतं, तर ॲडजस्टेबल वरचे आर्म घ्यावेत. नुसत्या टोवर समाधान मानू नका.

गाडीला पुढच्या बाजूला पाट्यांचा (लीफ स्प्रिंगचा) सरळ ॲक्सल असेल तर कॅम्बर फिरवता येत नाही. कास्टर पाटा आणि ॲक्सलमध्ये पाचर घालून, आणि टो टाय रॉडवर.

कामाआधीची आणि नंतरची, अशा दोन्ही प्रिंट मागून घ्या. गाडीत स्थिरता नियंत्रण (ईएससी) असेल तर स्टिअरिंग अँगल सेन्सर स्कॅनरने पुन्हा शून्यावर आणायला सांगा. हेडलाइटचा झोतही खाली घ्या. उंच झालेला झोत रात्री समोरच्याच्या डोळ्यांवर जातो.

मागच्या पाट्यांचे यू बोल्ट काही शे किलोमीटरनंतर पुन्हा कसा. नव्या स्प्रिंग थोड्या बसतात, म्हणून १००० किलोमीटरच्या आसपास उंची आणि अलाइनमेंट परत तपासा. आणि किट घेण्याआधीच आरटीओत विचारून घ्या: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय चालत नाही.