थंडीत ट्राउट धरायला निघालात? आधी हे वाचा (इंग्लंडात नवीन आलेल्यांसाठी)

दर नोव्हेंबरात लेस्टर नाहीतर मिल्टन कीन्सकडच्या कुणातरी नवीन आलेल्याचा मेसेज येतो, "दादा, तुम्ही फ्लाय फिशिंगला जाता ना, मलापण यायचंय, सामान काय घेऊ?" तेच तेच टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

मी मालवणचा. गळ लहानपणापासून हातात, त्यामुळे इथे आलो तेव्हा वाटलं आपल्याला कोण काय शिकवणार. पहिल्याच दिवशी सवयीने जोर लावून हात फिरवला आणि फ्लाय (पिसं-दोरा बांधून किड्यासारखा केलेला छोटा गळ) माझ्याच कानात घुसली. आपल्याकडे शिसं पुढे जातं आणि दोरी त्याच्यामागे, इथे फ्लायला वजनच नसतं, वजन असतं ते दोरीला. म्हणून दोरी मागे जाऊन सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे टाकायची. उजव्या हाताने टाकत असाल आणि वारा उजव्या खांद्यावर येत असेल तर गुपचूप जागा बदला. चष्मा आणि टोपी घातल्याशिवाय रॉडला हात लावायचा नाही, कानाची जखम भरून येते, डोळ्याची नाही.

लायसन्स. तळ्याचं तिकीट वेगळं आणि रॉड लायसन्स वेगळं, दोन्ही लागतात. 13 वर्षांपासून पुढे सगळ्यांना. दंड 2,500 पौंडांपर्यंत जाऊ शकतो. ऑनलाइन पाच मिनिटांचं काम आहे, आजच करा.

आता कुठे जायचं. प्रत्येकाने रटलंड वॉटरचा तो पाण्यात उभ्या असलेल्या नॉर्मंटनच्या चर्चचा फोटो बघितलेला असतो आणि तिथेच जायचं असतं. अरे बाबांनो, ते 3,000 एकरांच्या वर पाणी आहे, जानेवारीत तिथल्या वाऱ्यात नवशिक्याने काय करायचं? शिवाय मोठी रिझर्व्हॉयर्स थंडीत चालू आहेत की नाही ते आधी विचारावं लागतं. तुम्ही दोन-चार एकरांचं छोटं तळं बघा, रेनबो ट्राउट सोडलेलं. बंदिस्त पाण्यात रेनबो वर्षभर धरता येतो, ब्राउन ट्राउटला मात्र बंदी काळ असतो, चुकून लागला तर सोडून द्या. ग्रॅफम वॉटर या मोठ्या रिझर्व्हॉयरला 2010 साली किलर श्रिंप (बाहेरून आलेला, इथले जीव खाणारा कोळंबीसारखा प्राणी) सापडला, तेव्हापासून एका पाण्यातलं जाळं-बूट दुसऱ्या पाण्यात नेण्याआधी तपासून, धुऊन, पूर्ण वाळवून न्यायचे असा इथे दंडक आहे. ओल्या बुटांनी एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जाऊ नका, लोक तोंडावर काही बोलणार नाहीत पण बघतात बरोबर.

सामान कमी घ्या. साडेनऊ-दहा फुटी सात नंबरचा रॉड (नंबर म्हणजे तो पेलणाऱ्या दोरीच्या वजनाचा), एक तरंगती लाइन, म्हणजे दोरी, आणि एक स्लो इंटरमीजिएट, म्हणजे हळूहळू बुडणारी. फ्लाय तीनच, काळा बझर, डियाउल बाक, आणि एक काळा-हिरवा लुअर, म्हणजे किड्याची नक्कल न करता माशाला डिवचणारी मोठी फ्लाय. बझर म्हणजे पाण्यातून वर येणाऱ्या चिलटासारख्या किड्याची नक्कल, तो किडा थंडीतही थोडाफार निघतो म्हणून ही फ्लाय चालते. पायात दोन-दोन मोजे कोंबून बूट घट्ट करू नका, रक्त फिरत नाही आणि पाय जास्तच गारठतात.

आता रॉडच्या टोकाचं. हे दोनदा वाचा. पारा शून्याच्या खाली असला की ओली लाइन रॉडवरच्या कड्यांतून आत येता येता पाणी तिथेच गोठतं, आणि सगळ्यात आधी टोकाचं बारीक कडं बुजतं. माझ्या दुसऱ्या थंडीत, फेब्रुवारीतला शनिवार, सकाळी सव्वाआठ, काठावरचं गवत पांढरं पडलेलं. लाइन अडकली, मला वाटलं गवतात गुंतली असेल, रॉड वर धरून डाव्या हाताने एक हिसका दिला. टक्. अगदी कोरडा, चकली मोडल्यासारखा आवाज. चार इंच टोक लाइनवरून घसरत पाण्यात गेलं. नवीन टोक 90 पौंडांना, तेही सहा आठवड्यांनी आलं, आणि तेवढा धीर नव्हता म्हणून मधल्या काळात दुसरा रॉड घेतला, ती किंमत बायकोला अजून सांगितलेली नाही. तर, लाइन अडली की ओढायचं नाही. रॉडचं टोक पाण्यात बुडवून धरा, तळ्याचं पाणी बर्फापेक्षा गरमच असतं, आपोआप सुटतं. बोटांनी बर्फ मोडायला जाऊ नका, कडं वाकतं. कड्यांना थोडं व्हॅसलीन लावलं तर बर्फ उशिरा धरतो. आणि मुळात सव्वाआठला जायचंच कशाला? डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो हे खरं, पण मासे बहुतेक अकरा ते दोनमध्येच हलतात. आणि परत सांगतो, ओढायचं नाही.

थंड पाण्यात मासा आळसावलेला असतो, लाइन भराभर ओढलीत तर तो नुसता बघत राहतो. मांजा कसा अंगठा आणि करंगळीवर आठाच्या आकारात गुंडाळायचो, तशीच लाइन तळहातात हळूहळू गोळा करायची, आणि तुम्हाला हळू वाटतंय त्याच्या निम्म्याने. टाकल्यावर फ्लाय बुडत असताना मनात आकडे मोजा, मग लाइन गोळा करायला लागा. पंधरावर काही नाही, पुढच्या वेळी वीस, मग पंचवीस. ज्या आकड्याला मासा लागला त्याच खोलीवर परत. चावा वगैरे काही जाणवत नाही, रांगेत मागच्याने हळूच शर्ट ओढावा तेवढं लाइन ताणल्यासारखं वाटतं, लगेच रॉड उचला.

आपली मंडळी. वाईट वाटेल, पण लिहितोच. एका तिकिटावर सहाजण, सोबत डबे आणि स्पीकर, असं करू नका. दोन माशांचं तिकीट असेल तर दोनच, तिसरा पिशवीत लपवणारे मी बघितलेत आणि त्यांच्यानंतर चार महिने मला त्या तळ्यावर गेटपाशीच पिशवी उघडून दाखवावी लागली. इथला माणूस स्वतःहून बोलत नाही, पण कुठली फ्लाय चालतेय असं विचारलंत तर डबी उघडून एक हातावर ठेवेल. "एक-दोन लागले" म्हणाला तर समजा सहा लागलेत.

ठेवायचा मासा लगेच मारायचा, काठावर तडफडत ठेवायचा नाही. त्यासाठी छोटा दांडका मिळतो, त्याला प्रीस्ट म्हणतात, म्हणजे पाद्रीबुवा, शेवटचा संस्कार करणारा. घरी पोट साफ करताना कण्याखालची काळी रक्ताची रेघ चमच्याने खरवडून काढा, नाहीतर कडू लागतो. मग मीठ, हळद, तिखट, आगळ, वरून रवा. सुरमईची सर नाही, पण डिसेंबरात इथे सुरमई कोण देतंय.

निघताना तळ्याच्या ऑफिसातल्या वहीत किती मासे लागले ते लिहायचं असतं. काही नाही लागलं तरी लिहा, त्यावरूनच ते नवीन मासे कधी सोडायचे ते ठरवतात. माझ्या पहिल्या थंडीत सलग सात शून्यं आहेत त्या वहीत, आठव्या वेळी एक लिहिला तर तिथल्या म्हाताऱ्याने चष्मा वर करून परत वाचला.