सोलापूरच्या माळरानासाठी किलोभराचं जीवरक्षक किट

बाजारात तयार मिळणाऱ्या ‘सर्व्हायव्हल किट’ची डबी उघडली की आत मासे पकडायचे गळ, तारेची करवत, मेणबत्ती आणि बटणाएवढं होकायंत्र निघतं. ही यादी थंड, ओल्या, दाट झाडीच्या मुलखातली आहे. नान्नज-मार्डीच्या माळावर मासा कुठला, आणि करवतीनं कापावं असं लाकूड तरी कुठलं! इथं माणूस अडचणीत येतो तो ऊन लागून, पाणी संपून, किंवा आपण नेमके कुठं आहोत हे दुसऱ्याला सांगता न आल्यामुळं. सापविंचू त्यानंतर. भूक तर फारच मागं.

म्हणून किटमधलं वजन खर्च करायचं ते सावली, पाणी आणि हाक यांवर. पाणी आणि खाणं सोडून सगळं मिळून एक किलो, ही मर्यादा पाळा. दीड-दोन किलोचं किट चार फेऱ्यांनंतर घरातल्या खुंटीला लागतं. प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून कागदावर आकडा लिहा. अंदाज नेहमी कमीच धरला जातो.

खालचा हिशेब अर्ध्या दिवसाच्या भटकंतीत अडकून एक रात्र काढावी लागली तर, असा धरून केला आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य याच माळावर आहे. तिथं जायचं तर वनविभागाची परवानगी आधी घ्या.

सावली : ४४० ग्रॅम

जवळपास निम्मं वजन इथंच जातं, आणि ते योग्यच आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर असताना माळावर बाभळीची सावली म्हणजे जाळीतून गाळलेलं ऊन.

ताडपत्रीचा ६ फूट बाय ५ फूट तुकडा घ्या, पण ९० ते १०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम भरणारा. तो २५० ते २८० ग्रॅम भरतो. शेतकरी कांद्यावर टाकतात ती जाड, २०० जीएसएमची ताडपत्री याच मापात अर्ध्या किलोच्या वर जाते. एक बाजू चंदेरी असेल तर उत्तम. ती आभाळाकडं ठेवायची. सोबत घडी केलेलं चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट, ६० ग्रॅम.

मुरमाड जमिनीत खुंटी शिरत नाही, शिरली तरी वाऱ्यानं उपटते. कोपऱ्यांना दगडच बांधावे लागतात. ताडपत्रीचं रिंगण, म्हणजे दोरी ओवायची कडी, फाटलं तर पेरूएवढा गोटा कोपऱ्यापासून वीतभर आत, कापडाखाली धरा. वरून कापड गोट्याभोवती पोटलीसारखं आवळा आणि पोटलीच्या मानेला दोरीचे दोन वेढे देऊन गाठ मारा. ही गाठ रिंगणापेक्षा मजबूत बसते, कारण ताण एका भोकावर न येता सगळ्या घडीवर पसरतो. दोरीचं दुसरं टोक मोठ्या दगडाला.

लोक चुकतात ते ताडपत्रीच्या उतारात. सकाळी-संध्याकाळी एका बाजूनं तिरकी लावलेली ताडपत्री चालते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र सोलापुरात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, माणसाची सावली पायाखाली जाते. तेव्हा ती जवळपास आडवी, कमरेएवढ्या उंचीवर आणि चारही बाजूंनी वारा खेळेल अशी हवी. वर चार बोटं जागा सोडून ब्लँकेटचा दुसरा थर ताणला की खालच्या थराची धग बरीच कमी होते. दोन थर एकमेकांना चिकटले तर फायदा गेला; मधली हवाच काम करते. बसायचं ते सॅकवर, जमिनीवर नाही. दुपारी मुरूम हवेपेक्षा कितीतरी तापलेला असतो.

तिसरी वस्तू पंचा, साधारण १२० ग्रॅम. सोलापूरचा टॉवेल कितीही नावाजलेला असला तरी इथं नको. जाड, जड आणि वाळायला उशीर. पातळ सुती पंचा ओला करून मानेवर-डोक्यावर घेतला की इथल्या कोरड्या हवेत झरझर वाळतो, आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. तोच पाण्याचं गाळणं, तोच हाताची झोळी.

पाणी : १५० ग्रॅम

उन्हाळ्यात दिवसभरासाठी निघताना माणशी चार लिटर बरोबर घ्या. त्याचं वजन या हिशेबात नाही. किटमधलं सामान लागतं ते हे पाणी संपल्यावर: बरोबर एक लिटरची रिकामी बाटली (३० ग्रॅम), दोन मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी १५ मीटर (४५ ग्रॅम), क्लोरीनच्या गोळ्या (१० ग्रॅम) आणि ओआरएसच्या तीन पुड्या (६५ ग्रॅम).

पाणी शोधायचं तर आधी माणूस शोधा. मेंढरं चारणाऱ्या धनगराला कुठल्या विहिरीला पाणी टिकून आहे हे नकाशापेक्षा जास्त ठाऊक असतं. फक्त लांबूनच हाक द्या. लांडग्यापेक्षा त्याच्या कुत्र्यांची धास्ती जास्त धरावी.

शेततळं दिसलं तर उतरू नका. प्लास्टिक अंथरलेला उतार ओला झाला की साबणासारखा निसरडा होतो आणि पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. काठावर पोटावर पडा आणि दोरीला बांधून बाटली सोडा. रिकामी बाटली नुसतीच तरंगते, थेंब आत येत नाही. म्हणून तिच्या गळ्याशी सायकलच्या ट्यूबच्या रिंगेनं लिंबाएवढा दगड अडकवा. तोंड पाण्यात कलतं, आणि दोरी हलकेच वरखाली केली की बाटली भरते. हाच प्रकार विहिरीत चालतो, पण उन्हाळ्यात पाणी १५ मीटरच्या खाली गेलेलं असलं तर दोरी पुरणार नाही, तेव्हा पंचाही जोडावा लागेल. ठिबकच्या नळीतलं पाणी तहानेनं जीव जात असला तरी टाळा. त्याच नळ्यांतून विद्राव्य खत सोडतात, आणि खत किंवा फवारणीचं औषध ना उकळून जातं ना क्लोरीननं.

पाणी चार पदरी पंचातून गाळा, गढूळ असेल तर निवळू द्या, मग पाकिटावरच्या प्रमाणात गोळी टाकून अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात गोळी टाकली तर क्लोरीन मातीतच खर्च होतं.

ओआरएसची मोठी पुडी एका लिटरसाठी असते. म्हणूनच बाटली बरोबर लिटरची. अर्ध्या बाटलीत अख्खी पुडी टाकून ‘जरा कडक’ केलेलं मिश्रण उलटं अपाय करतं. पुड्या संपल्या तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. बोलणं बरळल्यासारखं झालं, चाल झोकांडायला लागली की उष्माघात समजा. तेव्हा पाणी पाजत बसू नका. ते अंगावर ओता, वारा घाला आणि मदत बोलवा.

हाक : २३५ ग्रॅम

शिट्टी (१० ग्रॅम), खिशातला आरसा (२०), डोक्याला लावायची बॅटरी (७०), ५००० एमएएचची पॉवर बँक केबलसकट (१३५).

रेंज नसली तरी फोनचा जीपीएस चालतो. नकाशा घरूनच ऑफलाइन उतरवून ठेवा आणि आपलं ठिकाण आकड्यांत वाचायला शिका. ‘१७.६६, ७५.९१’ एवढंच कळवलं तर शोधणाऱ्याला एखादा किलोमीटर इकडंतिकडं फिरावं लागेल. दशांशचिन्हापुढं चार अंक दिले की चूक दहा-बारा मीटरवर येते. फोन लागत नसेल तर हेच आकडे एसएमएसनं पाठवा. आवाज जात नाही तिथूनही संदेश कधीकधी निसटतो. ११२ हा आपत्कालीन क्रमांक मात्र आपल्या सिमला रेंज नसतानाही लावून बघा, आसपासच्या दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो.

शिट्टी आतल्या गोळीविना घ्या. गोळी थुंकीनं-धुळीनं चिकटते. तीन वेळा फुंका, मिनिटभर थांबा, पुन्हा तीन. आरशासाठी एक हात लांब करून दोन बोटांचा इंग्रजी व्ही करा, त्यात दूरची गाडी किंवा माणूस धरा आणि कवडसा आधी बोटांवर पाडून मग हलकेच त्या फटीतून हलवा. बोटांशिवाय नेम धरायला गेलात तर कवडसा कुठं पडतोय ते तुम्हालाही कळत नाही.

आग : ३५ ग्रॅम

लाइटर, व्हॅसलीनमध्ये मळलेले कापसाचे पाच-सहा बोळे, आणि पंक्चरवाल्याकडून मागून आणलेल्या जुन्या ट्यूबच्या बोटभर रुंद रिंगा. रबर भिजलं तरी पेटतं, आणि तसंही बांधायच्या शंभर कामांना येतं. पण हे सामान डिसेंबर-जानेवारीतल्या रात्रीसाठी आणि पावसात भिजल्यावर. फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत माळावरचं गवत म्हणजे पसरलेली बंदुकीची दारू. वाऱ्यानं ठिणगी गेली तर आग तुमच्यापेक्षा जोरात पळते. अभयारण्यात तर काडी ओढायचीच नाही.

जखम : १२० ग्रॅम

१० सेंटिमीटर रुंद क्रेप बँडेज, गॉजचे चार तुकडे, चिकटपट्टी, जंतुनाशक मलमाची छोटी ट्यूब, कागद कापायचा कटर आणि टोकदार चिमटा. सर्वांत जास्त वेळा वापरला जाईल तो चिमटा. वेड्या बाभळीचा काटा पातळ चपलेतून आरपार येतो, कुसळं मोज्यांत शिरून कातडीत उतरतात. बूट आणि घोट्यापर्यंतची पँट हे किटचाच भाग धरा.

नाग, घोणस, फुरसं, मण्यार हे चारही विषारी साप या भागात आहेत. दवाखान्यातलं प्रतिविषाचं इंजेक्शन चौघांवरही चालतं, म्हणून साप पकडायच्या-मारायच्या भानगडीत पडू नका. चावलेल्या जागी कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. अंगठी-कडं काढा, काठीचा आधार देऊन क्रेप बँडेजनं पाय हलणार नाही असा सैलसर बांधा, वेळ टिपा, १०८ ला फोन करा आणि सोलापूरचं सिव्हिल किंवा जवळचा सरकारी दवाखाना गाठा. मण्यार चावल्यावर अनेकदा ना दुखत, ना सुजत. उघड्यावर झोपलेल्याच्या पापण्या पहाटे जड झाल्या, पोट दुखू लागलं तर वाट पाहू नका.

लाल विंचवाच्या दंशानंतर दरदरून घाम, उलटी, गार पडलेले हातपाय दिसले तर तोही दवाखान्याचाच मामला. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून यावर चांगला इलाज आहे, पण ती गोळी रक्तदाब पाडते. किटमध्ये ठेवून आपल्या मनानं देऊ नका.

उरलेल्या २० ग्रॅमची पाणी न शिरणारी पिशवी, आणि किलो पुरा.

खाणं

वजनात धरलेलं नाही, आणि एका दिवसात भुकेनं कुणी दगावत नाही. कडक भाकरी महिनाभर टिकते हे खरं, पण सॅकमध्ये तिचा चुरा होतो आणि पाणी नसेल तर घशाखाली उतरत नाही. शेंगा चटणीतलं मीठ-तिखट तहान वाढवतं. पाणी मुबलक असेल तर दोन्ही मजेत खा. अडीअडचणीसाठी गूळ-शेंगदाण्याचे चार लाडू बरे.

किटलाही ऊन लागतं

गाडीच्या डिकीत ठेवलेला लाइटर तापून फुटू शकतो. व्हॅसलीन पातळ होऊन झिरपतं, म्हणून फिरकीच्या झाकणाची डबी. चिकटपट्टीचा डिंक सुटतो, इमर्जन्सी ब्लँकेट घडीवर चिरतं. बॅटरीतले सेल गळतात. एक सेल उलटा घालून ठेवा, म्हणजे सॅकमध्ये ती चुकून चालूही होत नाही. उन्हात तापलेला फोन स्वतःहून बंद पडतो. तो कोरड्या कापडात गुंडाळून सावलीत ठेवा. मार्च आणि ऑक्टोबर, वर्षातून दोनदा सगळं सामान चादरीवर पसरून तपासा, पुड्यांच्या आणि गोळ्यांच्या तारखा बघा.

ढग गडगडायला लागले तर ताडपत्रीला टेकू दिलेली काठी खाली घ्या. एकट्या झाडाखाली नको, ओढ्यातही नको. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप निघण्याआधीच फोनमध्ये असू द्या.

एक विभागणी मात्र न विसरता करा: फोन, शिट्टी, आरसा आणि लाइटर अंगावरच्या खिशात, बाकीचं सॅकमध्ये. सॅक गाडीला अडकवून काळविटांचा फोटो काढायला पाचशे पावलं गेलेला माणूसच बहुधा वाट चुकतो. आणि घरी एक चिठ्ठी: कुठल्या गावाकडून माळावर चढणार, गाडी कुठं लावणार, किती वाजता परतणार, आणि त्यानंतर तासभर वाट पाहून कुणाला फोन करायचा.