मिरवणुकीआधी ठरवायचं: फोन उभा की आडवा?

अनंत चतुर्दशीला सकाळी पुण्याच्या मंडईत टिळक पुतळ्यापाशी ढोल-ताशा पथक उभं राहिलं की "उभा घेऊ का आडवा?" या प्रश्नाला उत्तर द्यायची कुणालाच सवड नसते. ताशा कडकडला की फोन ज्या हातात असतो तो हात सवयीने जे करेल ते करतो. म्हणून ही तयारी सरावाच्या मैदानावर करायची, मिरवणुकीच्या निदान आठवडाभर आधी. पथकाचं किंवा मंडळाचं व्हिडिओचं काम ज्याच्या गळ्यात पडलं आहे त्याच्यासाठी हे लिहितो आहे. कॅमेरा कोणता घ्यावा हा यातला विषय नाही. खिशातला फोन पुरतो.

दोन्ही चुका माझ्या करून झाल्या आहेत. पहिल्या वर्षी सगळं आडवं घेतलं, १०८०पीमध्ये. रात्री पथकाच्या ग्रुपवर मागणी आली, रील पाहिजे. १९२० बाय १०८० च्या आडव्या चित्रातून उभी पट्टी कापली की रुंदीला जेमतेम ६०८ पिक्सेल उरतात, म्हणजे चित्राचा एक तृतीयांशही भाग नाही. ताशावाला राहिला, दोन्ही बाजूंचे ढोल गेले, आणि कडेने नुसती टिपरू धरलेली मनगटं आत-बाहेर करत होती. पुढच्या वर्षी शहाणपणा करून सगळं उभं घेतलं. तर मंडळाने ते कार्यक्रमात मोठ्या एलईडी पडद्यावर लावलं. मधोमध उभी पट्टी, दोन्हीकडे तेच चित्र धूसर करून पसरलेलं. बातम्यांच्या चॅनलवर अपघाताची दृश्यं दाखवतात ना, थेट तसं. अध्यक्ष काही बोलले नाहीत, पण चहा त्या दिवशी उशिरा आला.

तेव्हा पहिलं काम कागद-पेनाचं आहे. हा व्हिडिओ कोण, कशावर बघणार, हे लिहून काढा. आमच्याकडे तीन गिऱ्हाईकं असतात. पथकातली मुलं आणि त्यांचे मित्र फोनवर रील, स्टोरी, स्टेटस बघतात. परगावी किंवा परदेशी गेलेले जुने वादक यूट्यूबवर अख्खं वादन बघतात, बहुतेक टीव्हीला जोडून. आणि मंडळाला पडद्यावर दाखवायला व दप्तरी ठेवायला काहीतरी लागतं. पहिल्याला उभा, उरलेल्या दोघांना आडवा. एवढं लिहिलं की निम्मा गोंधळ मिटतो.

उभा का, याचं गणित एकदा स्वतः करून बघा. हल्लीच्या बऱ्याच फोनच्या पडद्याची लांबी आणि रुंदी २०:९ या प्रमाणाच्या आसपास असते. असा फोन उभा धरला आणि त्यावर १६:९ चा (व्हिडिओत रुंदी आधी, उंची नंतर) आडवा व्हिडिओ आला, तर तो पडद्याचा फक्त एक चतुर्थांश भाग व्यापतो. चौरस व्हिडिओ ४५ टक्के, ४:५ चा सुमारे ५६ टक्के आणि ९:१६ चा ८० टक्के. बसमध्ये एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने फोन बघणारा माणूस तुमच्या व्हिडिओसाठी फोन आडवा करणार नाही. तो अंगठा वर सरकवेल. त्याच वेळी, टीव्हीवर हेच गणित नेमकं उलटं फिरतं, हेही विसरू नका.

४:५ हा रेशो, म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण, मला तडजोडीचा म्हणून आवडतो. उभ्या चित्रातून तो काढताना उंचीचा ७० टक्के भाग शिल्लक राहतो, फारसं काही हरवत नाही. आडव्यातून काढलात तर मात्र रुंदीचा ४५ टक्केच भाग हाती लागतो. चौरसाचं दुकान आता बसत चाललं आहे. इन्स्टाग्रामची ओळखच एके काळी चौरस होती, पण २०२५ च्या जानेवारीत त्यांनी प्रोफाइलवरचे चौरस काढून तिथेही उभे आयत आणले. यूट्यूबचा एक नियम मात्र पाठच करा. १५ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे चढवलेला तीन मिनिटांपर्यंतचा उभा किंवा चौरस व्हिडिओ शॉर्ट्समध्ये जातो. तुम्हाला अडीच मिनिटांचं वादन साध्या व्हिडिओसारखं ठेवायचं असेल तर ते आडवंच हवं.

आता खरं काम. सरावाच्या एखाद्या संध्याकाळी कॅमेरा बंद ठेवून पथकाभोवती एक चक्कर मारा. बरेच जण रेशो म्हणजे एडिटिंगमधला क्रॉप समजतात. माझ्या मते रेशो म्हणजे उभं राहण्याची जागा. तेच पथक, तोच हात. तुम्ही बाजूला उभे राहिलात तर ढोलांची रांग डावीकडून उजवीकडे पसरलेली दिसते, आणि ती आडव्या चौकटीशिवाय मावत नाही. तुम्ही रांगेच्या तोंडाशी जाऊन उभे राहिलात की तीच रांग एकामागे एक खोल जाते. पुढचा ढोल मोठा, मागचे लहान होत गेलेले, वर फेटे, त्याच्याही वर ध्वज. हे चित्र जन्मतःच उभं आहे. चार पावलं टाकायची आणि रेशो बदलला, कुठे काही कापावं लागत नाही. सरावाला या दोन्ही जागा पायाखाली घालून ठेवा, म्हणजे मिरवणुकीत गर्दीने ढकललं तरी पाय तिकडेच वळतात.

हेच रस्त्याला लागू होतं. लक्ष्मी रोड अरुंद, दोन्हीकडे इमारती, गॅलऱ्यांमधून वाकून बघणारी माणसं. तिथे समोरून बघितलं की चौकट आपोआप उभी होते, कारण बाजूला दाखवण्यासारखं भिंतींशिवाय काही नसतं आणि वर बरंच काही असतं. गॅलरीतून घेणार असाल तर वाकून थेट खाली बघू नका, रस्त्याच्या लांबीच्या दिशेने बघा, मिरवणूक चौकटीत वरून खाली येताना दिसते. मात्र त्या गॅलरीची परवानगी आधी काढा आणि जाताना हातात पेढ्याचा पुडा असू द्या. बेलबाग चौकात जरा मोकळं होतं, अलका टॉकीजच्या चौकात तर रस्ते येऊन मिळतात आणि पथक पसरून वाजवतं. आडवं चित्र घ्यायच्या जागा त्या. माझ्या कागदावर म्हणून दोनच ओळी असतात: गल्लीत उभा, चौकात आडवा. मुंबईकरांचा प्रश्न त्याहून सोपा आहे. दोन मजले उंच मूर्ती आणि लालबागला श्रॉफ बिल्डिंगवरून होणारी पुष्पवृष्टी, दोन्ही वरून खाली येणारी दृश्यं आहेत. तिथे फोन आडवा धरणाऱ्याला मूर्तीचा मुकुट तरी सोडावा लागतो नाहीतर पाय तरी.

काही दृश्यांची जातच ठरलेली असते. ध्वज नाचवणारी मुलगी उभी, ताशावाल्याचे हात आडवे, आरतीचं ताट चौरस म्हणा हवं तर. गोल करून होणारं स्थिरवादन दोन्हीत जमतं, उंचावरून घेतलं तर.

एकाच फोनवर दोन्ही काढायचा मोह होतो. आडवा काढू, नंतर बघू. हे जमवायचं तर ४केमध्येच घ्या. ३८४० बाय २१६० मधून ९:१६ ची पट्टी काढली तर ती १२१५ बाय २१६० येते, रीलला लागणाऱ्या १०८० बाय १९२० पेक्षा मोठीच. म्हणजे कापूनही चित्र फुटत नाही. पण डोळा फुटतो, त्याचं काय? दोन चौकटी एकदम सांभाळणारा माणूस प्रत्येक गोष्ट मध्यभागी ठेवायला लागतो, आणि मग आडव्या चित्रात दोन्ही बाजू ओसाड, उभ्यात डोकी छोटी. माझा सल्ला सरळ आहे. दोन माणसं, दोन फोन, एकाने दिवसभर उभाच धरायचा, दुसऱ्याने आडवाच. दुसरा माणूस नसेल तर तासांची वाटणी करा. मिरवणूक काही लगेच संपत नाही, दिवस मावळून रात्रही जाते.

४के घेणार म्हटल्यावर जागेचा हिशोब आलाच. आयफोनवर हाय एफिशियन्सी या सेटिंगमध्ये ४के, सेकंदाला ३० फ्रेमचा एक मिनिट साधारण १७० एमबी खातो, म्हणजे तासाला दहा जीबी. १०८०पीला मिनिटाला ६० एमबी. अँड्रॉइडवर आकडे वेगळे येतील. सरावाच्या दिवशी एक मिनिट घेऊन फाइल किती भरते ते बघा, त्याला मिरवणुकीच्या मिनिटांनी गुणा आणि आदल्या रात्री फोन तेवढा मोकळा करा. गुड मॉर्निंगचे फोटो उडवायला याहून चांगलं निमित्त नाही.

त्याच संध्याकाळी आणखी एक चाचणी घ्या. फोनमध्ये फोटो ४:३ चा निघतो आणि व्हिडिओकडे सरकवलं की चौकट एकदम आवळते, स्थिरतेची सोय चालू असेल तर आणखी थोडी. "इथून सगळे ढोल मावतात" हे फोटोच्या चौकटीत बघून ठरवलं तर ऐनवेळी कडेचे दोन ढोल बाहेर. जागा बघायची ती व्हिडिओ मोडवरच. पडद्यावरच्या जाळीच्या रेघाही चालू करून ठेवा. आणि ज्या फोनचा आडवा व्हिडिओ पुढे कापायचा आहे त्याच्या पडद्यावर चिकटपट्टीच्या दोन बारीक पट्ट्या लावा, मधल्या ९:१६ च्या हद्दीवर. गबाळं दिसतं, पण चुकत नाही.

उभ्या चित्रातही सगळी जागा तुमची नसते. खाली नाव, मजकूर, गाण्याचं नाव. उजवीकडे लाइक-शेअरची बटणं. वर आणखी काहीबाही. रीलच्या जाहिरातींसाठी इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा सांगते की वरचा १४ टक्के, खालचा ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंचा सहा-सहा टक्के भाग मजकुरापासून मोकळा ठेवा. आपली जाहिरात नसली तरी बटणं तीच. १०८० बाय १९२० मधून हे वजा केलं की उरतात सुमारे ९५० बाय ९८० पिक्सेल. म्हणजे उभ्या चौकटीच्या पोटात कामाची जागा जवळपास चौरसच! ताशावाल्याचा चेहरा, ध्वजाचं टोक, पथकाचं नाव हे त्या चौरसात बसलं पाहिजे. पाय आणि रस्ता मजकुराखाली गेले तर जाऊ द्या. पथकाचं बोधचिन्ह खालच्या उजव्या कोपऱ्यात टाकायची आपल्याकडे फार आवड आहे, नेमकं तिथेच बटणं येतात. ते डावीकडे, वरच्या पट्टीच्या खाली घ्या. आणि अक्षरं मोठी ठेवा. जोडाक्षरं आणि वेलांट्या छोट्या टाइपात फोनवर गिचमिड होतात, इंग्रजीपेक्षा लवकर.

प्रत्यक्ष दिवशीच्या गोष्टी थोड्या आहेत, पण मला सगळ्यात जास्त नडलेल्या आहेत. बहुतेक फोन रेकॉर्डिंग सुरू होण्याच्या क्षणी उभे-आडवेपण ठरवतात. मध्येच फोन वळवला तर व्हिडिओ वळत नाही, माणसं आडवी पडतात. म्हणून वळवा, पडद्यावरची चिन्हं वळली का बघा, मग लाल बटण दाबा. रांगोळी किंवा मोदक सरळ वरून घेताना फोन जमिनीला समांतर असतो, तेव्हा त्याला उभं-आडवं कळतच नाही. आधी फोन सरळ धरून सुरू करा आणि मग खाली झुकवा. प्रत्येक दृश्य किमान दहा सेकंद न हलता घ्या. डोक्यावर हात उंचावून घ्यायचं असेल तर उभा फोन एका हातात नीट राहतो, आडव्याला दोन हात लागतात, आणि गर्दीत दुसरा हात खिशातल्या पाकिटावर लागतो.

मंडळाकडच्या जुन्या कॅसेट यंदा डिजिटल करून मध्ये जोडायच्या असतील, तर ते चित्र ४:३ चं आहे हे लक्षात ठेवा. पडदा भरावा म्हणून ताणू नका, तेव्हाचे सडपातळ कार्यकर्ते आत्ताच्यासारखे दिसायला लागतात. १४४० बाय १०८० ला मधोमध ठेवा, बाजूला काळं राहू द्या.

मिरवणूक आटोपली की झोपायच्या आधी दोन फोल्डर करा, उभे आणि आडवे, आणि फाइली वेगळ्या टाका. एडिटिंग ॲपमध्ये प्रोजेक्ट उघडताना पहिल्यांदा रेशो निवडा आणि मग क्लिप आत घ्या. काही ॲप पहिल्या क्लिपचाच रेशो सगळ्यांना लावतात, आणि एक आडवी क्लिप चुकून पुढे आली की अख्खी रील काळ्या पट्ट्यांत जाते. उभ्यासाठी १०८० बाय १९२०, यूट्यूबच्या आडव्यासाठी १९२० बाय १०८० किंवा ४के. कव्हरचं चित्र निवडताना प्रोफाइलवर ९:१६ ची वरची आणि खालची कड दिसत नाही हे धरून चाला, चेहरा मध्यावर असलेलंच चित्र घ्या. पथकातल्या कुणाला मूळ फाइल हवी असेल तर व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर एवढं जपलेलं ४के दाबून चेपून पोचतं.

आणि खिशात एक मऊ, कोरडं फडकं. गुलाल भिंगावर बसला की कुठलाही रेशो गुलाबीच दिसतो. आधी फुंकून उडवायचा, मग हलक्या हाताने टिपायचा. कुर्त्याच्या टोकाने पुसायचा नाही.